सारवणाखालचे औषध

मी एक जुना पितळी फवारणी पंप आहे. मित्रांनो, साळूबाई गेल्याचे कळले त्या दिवशी मी वरंधमध्ये ठमाबाईच्या ओटीवर बादलीत उभा होतो. नाते गावाहून माणूस धावत आला. माझी नळी हैबतीच्या हातात होती. त्याला माणसाने सांगितले, की ताप डोक्यात गेला आणि त्याची बायको पहाटे गेली. हैबतीने नळी खाली ठेवली. त्याचा जोडीदार मुरारी माझा दांडा दाबतच राहिला, आणि औषध अंगणात सांडत राहिले.

तोवर माझे आयुष्य म्हणजे नुसता उत्साह होता. लॉरीतून महाडला आलो तो थेट हिवतापाच्या मोहिमेतच. त्या काळी या खोऱ्यांत माणूस भात लावता लावता थरथरू लागे. गोधड्यांवर गोधड्या घातल्या तरी हुडहुडी जात नसे. लोक म्हणत, पाणी बाधले. खरे कारण होता डास. तापकऱ्याला चावलेली डासाची मादी काही दिवसांनी धडधाकट माणसाला चावली, की त्यालाही ताप. रक्त पिऊन जड झाली, की ती जवळच्या भिंतीवर विसावते. तिथेच माझे डीडीटी तिची वाट बघत असे. आमची टोळी गावात शिरली की पोरे मागे धावत! बाया हंडे, भांडी बाहेर काढत, कारण ते विषच. एक घर झाले की मला पुढच्या घराची घाई.

हैबतीचे घर फवारले तेव्हा गौरी जवळ आल्या होत्या. भिंतींवरचे पांढरे डाग पाहून साळूबाई म्हणाली, "गौर माहेराला येनार, तिला काय असल्या डागाळल्या घरात बसवू?"

हैबती हसला. "बसव तुला हवी तिथं. फवारा झाला, आता चिंता नाय."

तिने शेणमातीने भिंती सारवल्या, बोटांची अर्धगोल नक्षी काढली. कोणालाच वावगे वाटले नाही.

तिचे दिवस झाल्यावर हैबती तिच्या अंथरुणाजवळ बसला होता. मी कोपऱ्यात होतो. समोरच्या भिंतीवर फुगलेला डास निवांत बसला होता. हैबतीने नखाने भिंत खरवडली. सारवणाखाली माझे पांढरे औषध होते.

मला खांद्यावर टाकून त्याने वरंध गाठले आणि फवाऱ्यानंतर भिंती सारवू नका, असे बायांना सांगितले. ठमाबाईने सगळ्यांसमोर त्याला टोला हाणला, "आता सारवायचं कसं, ते बाप्यानं शिकवायचं व्हय?"

"शिकवत नाय, आजी. आधी सारवा, सुकू द्या, मग मला हाक मारा. माझ्या घरात औषध खाली गेलं नि सारवण वर ऱ्हायलं. साळू त्याच भिंतीखाली निजायची."

ठमाबाई शेणाची पाटी उचलून आत गेली.

मित्रांनो, मग आमची जी घोडदौड सुरू झाली! बाया सारवून, सुकवून दारात वाट बघू लागल्या. वरंध झाले, उमरठ झाले, डोंगरावरच्या वाड्या झाल्या. पुढच्या हंगामात बोटाचे रक्त काचेवर घेऊन तपासणारे आले, तर त्यांना तापकरी शोधावे लागले. माझा दांडा वाकला, वायसर झिजले, तरी हौस फिटली नाही. म्हणून सांगतो, थंडी वाजून ताप आला तर रक्त तपासून घ्या, गोळ्या अर्ध्यावर सोडू नका आणि फवारलेल्या भिंतीवर सारवणाचा हात फिरवू नका.

आज मी हैबतीच्याच घरात आहे. बादली भरली आहे. त्याच्या लेकीने, चंद्रभागेने, हंडे बाहेर काढले आहेत. बाकी सारे घर फवारून झाले. साळूबाईच्या बोटांची नक्षी आहे, त्या भिंतीपुढे हैबती नळी धरून उभा आहे; फवारा बसला की ती नक्षी पांढऱ्या डागांखाली जाणार.

"बाबा, मी तिथंच निजते," चंद्रभागा म्हणाली.

मुरारीने विचारले, "दादा, दाबू दांडा?"

मी तयार आहे. ती भिंत अजून फवारायची राहिली आहे.