गळलेलं अक्षर

माझी सून माणसांशी बोलत नाही, डब्यांशी बोलते. सकाळी उठून सासूला ‘झोप लागली का’ विचारावं, ते नाही. तेलाची बाटली उचलते आणि बुडाशी काय छापलंय ते वाचत उभी राहते. पाहुणा खाऊ घेऊन आला तर आधी पुड्यावरची तारीख बघते, मग पाहुण्याचं तोंड. मी तिला इन्स्पेक्टरीण म्हणते. तोंडावर म्हणते, पाठीमागे बोलायची मला सवय नाही.

आमचा धंदा बाहेरदेशातून लाकडी खेळणी आणून दुकानांना द्यायचा. नवऱ्याने सुरू केला, तो गेला आणि कागदोपत्री माझं नाव लागलं. मी दुसरीतून शाळा सोडली, पण सही करते, अंगठा उठवत नाही. मुलगा माल ठरवतो आणि दुकानदारांशी गोड बोलतो. कुठलं खेळणं किती वयाच्या पोराला, रंगात विषारी काही आहे का, लेबल कुठे लावायचं, हे सगळं सुनेचं. डब्यावर ‘आयातदार’ म्हणून खाली नाव मात्र माझं. म्हणजे उद्या काही वाकडं झालं तर लोक दार माझंच ठोठावणार.

या खेपेला लाकडी कोंबडी आली होती आणि तिची पाच अंडी. दिसायला गोजिरवाणी. पण तिने दोन महिने सुनेचा जीव खाल्ला. लॅबवाल्यांनी आधी नमुने कमी म्हणून परत पाठवलं. मग कागदावरचा नंबर आणि डब्यावरचा नंबर जुळेना. मग तुऱ्याच्या लाल रंगाची शंका. सून जेवतानाही डाव्या हाताने कागद उलटायची.

लॅबवाल्यांकडे एक छोटी नळी असते, पोराच्या घशाच्या मापाची. तसलीच एक सुनेने आणून टेबलावर ठेवलीय. खेळण्याचा तुकडा त्या नळीत मावला की समजायचं, पोराच्या घशातही मावेल. अंडं मावलं. म्हणून डब्यावर लिहायचं ठरलं, ‘तीन वर्षांखालील मुलांसाठी नाही.’ अक्षरं किती उंच हवीत याचाही नियम आहे म्हणे. छापखानेवाल्याने पहिल्यांदा बारीक छापलं, तर सुनेने पट्टी लावून मापलं आणि परत पाठवलं. नवी लेबलं काल आली.

काल दुपारपासून आम्ही गोदामात चिकटवतोय. मी, सून आणि रोजाने आलेल्या दोन बायका. चौदाशे डबे. लेबल कोपऱ्यातून सोलायचं, मधोमध टेकवायचं, अंगठ्याने कडेकडे दाबत न्यायचं. आज पाच वाजता एका मोठ्या दुकानाचा माल न्यायला गाडी येणार होती. तीनच्या सुमारास माझी पाठ म्हणाली, बाई, आता मी नाही. मी स्टुलावर बसले, चष्मा लावला आणि हातातला डबा वाचत बसले. दुसरं करणार काय?

शिकलेली माणसं वाक्य वाचतात, मी अक्षर वाचते. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकून उतरावं तसं. ती-न. व-र्षां-खा-ली-ल. मु-लां-सा-ठी. ही.

ही?

मी पुन्हा वाचलं. बोट लावून वाचलं. ‘तीन वर्षांखालील मुलांसाठीही.’

“अगं ए, इकडे ये. हे काय लिहिलंय?”

“तीन वर्षांखालील मुलांसाठी नाही,” सून जागेवरूनच म्हणाली.

“बघून वाच.”

“आई, अजून दोनशे राहिलेत. पाठ आहे मला ते.”

“पाठ आहे तिथेच माणूस चुकतो. ये, बघून वाच.”

ती उठली नाही. तेलाच्या बाटलीचं बूड वाचणारी बाई, लेबलाकडे बघेना. मला ते खटकलं, पण तेवढ्यात मुलगा आत आला आणि मी डबा त्याच्या नाकासमोर धरला. त्याने वाचलं आणि तो हसलाच.

“मुलांसाठीही! म्हणजे या पोरांनो, तुम्हीपण खा अंडी!” मग त्याचं त्यालाच कळलं आणि तोंड उतरलं.

त्याने छापखानेवाल्याला फोन लावला आणि आम्हाला ऐकू येईल असा धरला.

“तुमच्याच बाईसाहेब म्हणाल्या अक्षरं मोठी करा,” तो म्हणाला. “ओळ कागदाबाहेर जायला लागली. मी ओढूनताणून बसवली. त्यात एखादं अक्षर गेलं असेल.”

“गेलं असेल!” मी ओरडले. “अक्षर काय पाहुणा आहे, चहा झाल्यावर उठून जायला?”

त्याने फोन ठेवला. मुलगा माझ्या शेजारी उकिडवा बसला. काही मागायचं असलं की तो लहानपणापासून असाच बसतो.

“आई, ऐक. गाडी दोन तासांत येतेय. त्या मोठ्या दुकानाने आपल्याला तीन वेळा तारीख बदलून दिलीय. आज माल गेला नाही तर ते पुन्हा दारात उभं करणार नाहीत. आणि वाचतं कोण? मूळ डब्यावर चित्र आहेच की, बाळाच्या तोंडावर काट मारलेलं.”

“कुठाय?”

त्याने डबा फिरवला. चारी बाजू बघितल्या. मी नखाने लेबलाचा कोपरा उचलला. चित्र खाली होतं. धोक्याची सूचना धोक्याच्याच जागी हवी म्हणून आम्ही नेमकं बाळाचं तोंड झाकून टाकलं होतं. बाराशे वेळा.

मुलाने डबा खाली ठेवला. त्या दोन बायकाही हात थांबवून बघत होत्या.

तेव्हा सून बोलली. पालथ्या खोक्यावर बसली होती, मांडीवर लेबलांची गुंडाळी.

“मला दिसलं होतं.”

“काय दिसलं होतं?” मुलाने विचारलं.

“ते अक्षर. जेवायच्या आधी. हजारेक डबे झाले होते तेव्हा.”

“मग?”

“मग मी पुढचा डबा घेतला.”

रडत नव्हती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं, दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते. तिचा आवाज उन्हात वाळलेल्या कपड्यासारखा कोरडा होता.

“दोन महिने मी एकटीच सगळ्यांना नको-नको म्हणतेय,” ती म्हणाली. “यांना, लॅबला, छापखान्याला, तुम्हाला. सगळे मला हसतात. इन्स्पेक्टरीण म्हणतात. आज ते अक्षर दिसलं आणि वाटलं, मी कशाला? बघू दे की एकदा दुसऱ्या कोणाला. नाही बघितलं तर नाही. मी दमलेय, आई.”

मुलगा भिंतीकडे बघत होता. इन्स्पेक्टरीण हा शब्द माझाच, तो मला लागायचा तिथे लागला. पण आधी हातातलं काम. मी पाठ धरून उठले, डब्यातून एक अंडं काढलं आणि टेबलावरच्या त्या नळीत सोडलं. टप्. इतकाच आवाज. कुठे अडकलं नाही, घासलं नाही.

पाच वाजायच्या आधीच गाडी लागली. ड्रायव्हर गाडीची मागची फळी पाडून आत आला. “किती डबे चढवायचे?”

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. बायकोकडे नाही, माझ्याकडे. नाव माझं ना.

“एकही नाही,” मी म्हटलं. “जा बाबा, खेप फुकट गेली तुझी.”

तो पुटपुटत गेला. मुलगा हात चोळत त्याच्या मागे दारापर्यंत गेला आणि तिथेच उभा राहिला. रोजाच्या बायकांना मी घरी पाठवलं. बाराशे लेबलं आता एकेक करून सोलायची, खालचं चित्र फाटू न देता. नुसत्या विचारानेच माझे अंगठे दुखायला लागले. सून अजून खोक्यावरच होती. मी स्टूल ओढून तिच्यासमोर बसले.

“हे बघ,” मी म्हटलं. “तुला आम्ही एकटं पाडलं, मी सगळ्यात जास्त. ते माझ्या पदरात घाल, मी घेते. पण अक्षर छापखान्याने गाळलं ही चूक, आणि तू बघून पुढचा डबा उचललास हा गुन्हा. दमलेल्या माणसालाही तो माफ नाही. दुकानात फोन तू करायचास. याच्या गोड तोंडाने नाही, तुझ्या तोंडाने. काय दिसलं, कधी दिसलं, काही झाकायचं नाही. ते तोडतील तर तोडू देत. आणि यापुढे कुठलंही लेबल छापायच्या आधी माझ्यापुढे आणायचं. मला वाचायला वेळ लागतो. तेवढा वेळ तू बसायचंस, काही न करता.”