मास्तरीणबाईंचा नवा रेडिएटर

गाडी तिसऱ्यांदा उकळली ती पुलाच्या बरोबर मधोमध, आणि तीही ऑफिसं सुटायच्या वेळेला. पुढे मोटारींची रांग, मागे बस, आणि मधे मास्तरीणबाई आपल्या लाल स्पोर्ट्‌स बाइकवर, वाफेच्या ढगात. झाकणाखालून उडालेलं गरम पाणी नडगीवर आलं आणि तळहाताएवढी कातडी भाजली. बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी सबंध आयुष्य लोकांना मोटरसायकल शिकवण्यात घालवलं होतं, आणि ओरडायचं ते फक्त दुसऱ्यावर, असा त्यांचा शिरस्ता होता.

ओरडला तो त्यांचा मुलगा, घरी पोहोचल्यावर. विमा कंपनीत नोकरीला लागल्यापासून त्याला जिना उतरतानासुद्धा अपघाताची टक्केवारी आठवायची. त्यातून आई साठी ओलांडलेली आणि गाडी वीस वर्षांची.

"आई, आता बास. पुन्हा एकदा जरी उकळली ना, तर विकायची. कबूल?"

"कबूल," नडगीला मलम लावत बाई म्हणाल्या.

बोलून गेल्या आणि लगेच पस्तावल्या. पण दिलेला शब्द फिरवणाऱ्यातल्या त्या नव्हत्या, आणि गिऱ्हाईक तर दारातच उभं होतं. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला ती गाडी कधीपासून हवी होती. चालवायला नव्हे! दिवाणखान्यात सोफ्यासमोर उभी करून वरून दिवा सोडायचा त्याचा बेत होता. पाहुणे बघून खूश होतील म्हणे. ज्या गाडीनं बाईंबरोबर घाट पालथे घातले तिनं आता पाहुण्यांसमोर नटून उभं राहायचं, या विचारानं बाईंना जेवण जाईना.

कंपनीनं ते मॉडेल केव्हाच बंद केलं होतं. नवा रेडिएटर कुठेच मिळेना. बाई दुकानामागून दुकान पालथं घालत होत्या आणि हात हलवत परत येत होत्या.

शेवटी एका संध्याकाळी सून म्हणाली, "आई, मी बघू का?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! ही सून एका वर्कशॉपमध्ये जनरेटरचे रेडिएटर बनवायची. अॅल्युमिनियमचं वेल्डिंग हे तिचं रोजचं काम. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. बाईंना तिचं काम माहीत होतं, पण तिला विचारावं असं त्यांच्या मनात एकदाही आलं नाही. कारण साधं होतं. घरात आल्यापासून तिच्या हातून चार कप फुटले होते, आणि कप न सांभाळणाऱ्या हातात आपली गाडी कोण देईल!

"बघ," त्या म्हणाल्या. दुसरा इलाजच नव्हता.

सुनेनं जुना रेडिएटर उतरवला आणि उजेडाकडे धरला. मधल्या पातळ पट्ट्या खडे लागून लागून चेपल्या होत्या, आणि पाण्याच्या निम्म्या नळ्या आतून बुजल्या होत्या. "हा बिचारा अर्ध्या पोटी राबत होता," ती म्हणाली. "याला दुरुस्त करण्यात अर्थ नाही. मी नवा करते, मूळच्यापेक्षा मोठा." वर्कशॉपच्या मालकाची परवानगी तिनं आधीच काढून ठेवली होती.

बाईंना चैन पडेना. एका दुपारी त्या वर्कशॉपमध्ये जाऊन उभ्या राहिल्या. सुनेनं तोंडावर मुखवटा ओढला, एका हातात वेल्डिंगची टॉर्च, दुसऱ्या हातात तार. निळा उजेड पेटला आणि पत्र्याच्या कडेवरून सरकत गेला. बाईंनीही काळ्या काचेतून पाहिलं. ती घाई करत नव्हती आणि थांबतही नव्हती. उजेड विझला तेव्हा मागे जो सांधा उरला तो शिवणयंत्राच्या टाक्यासारखा एकसारखा होता. चार कप फोडणारे हात ते हेच का, असा प्रश्न बाईंना पडला. घरी जाताना त्यांची पावलं हलकी पडत होती.

रविवारी सकाळी रेडिएटर घरी आला. चकचकीत, रुंद आणि जाड. जुन्याच्या दुप्पट जाड! सुनेनं तो गाडीला बसवला, नळ्या जोडल्या आणि दोन पावलं मागे सरून उभी राहिली. चेहऱ्यावर भरभरून समाधान. मुलगाही चहाचा कप घेऊन बाहेर आला आणि "वा!" म्हणाला.

गाडी मधल्या स्टँडवर उभी होती. पुढचं चाक आणि रेडिएटर यांच्या मधे बाईंची चार बोटं सहज जात होती. बाईंनी ती घातली, काढली, आणि विचारलं, "आणि ब्रेक मारल्यावर?"

"ब्रेक मारल्यावर काय?"

"तुमचे ते जनरेटर ब्रेक मारतात का गं कधी?"

बाईंनी तिला मोठा पाना आणायला सांगितलं. पुढच्या दोन्ही शॉकअपमधल्या स्प्रिंगा काढल्या की गाडीचं नाक खाली बसतं. जोरात ब्रेक मारल्यावर चाक जिथवर वर येणार, तिथवर ते असं जागेवरच आणून बघता येतं. मुलानं हँडल धरलं, बाईंनी स्प्रिंगा बाहेर काढल्या, आणि दोघांनी मिळून गाडी हळूहळू खाली बसू दिली. चाक वर वर आलं. अजून दोन बोटं वर यायचं बाकी असतानाच ते त्या सुंदर, चकचकीत रेडिएटरला टक्कन लागलं.

काय झालं असतं ते तिघांनाही दिसत होतं. पहिल्याच करकचून मारलेल्या ब्रेकला चाक रेडिएटरमध्ये घुसलं असतं आणि उकळतं पाणी टायरखाली सांडलं असतं.

आता बाई सुनेकडे बघत राहिल्या. चूक दाखवल्यावर माणूस काय करतो, हा त्यांचा आयुष्यभराचा अभ्यास होता. काहीजण गाडीला नावं ठेवतात. काहींच्या डोळ्यांत पाणी येतं. बाकीचे, आणि हेच जास्त, आपण कसे चुकलोच नाही ते समजावून सांगतात. ही यातलं काय करते?

सुनेनं खिशातून मार्कर काढला. गुडघ्यावर बसली आणि आपल्याच चकचकीत कामावर एक काळी रेघ ओढली. "इथपर्यंत पातळ करायला हवा," ती म्हणाली. "आणि खालची बाजू अरुंद. पण मग पाणी गार व्हायला जागा कमी पडेल, ती बाजूंना वाढवून आणि थोडा बाक देऊन भरून काढता येईल." ती क्षणभर थांबली. "जाड केला हीच चूक झाली, आई. आमच्याकडे मागे मोठा पंखा असतो, तो जाड गाभ्यातूनही हवा ओढून घेतो. हा एवढासा पंखा ट्रॅफिकमध्ये कुठला ओढणार! चाक लागलं नसतं तरी पुलावर हा उकळलाच असता."

"अगं, पण केवढी मेहनत केलीस तू यावर," मुलगा कळवळला.

"केली की. म्हणून काय चाकाला समजावून सांगू?"

दुसऱ्या दिवशी तिनं तो कापला. बाई मुद्दाम बघायला गेल्या होत्या. करवतीखाली तो टाक्यासारखा सांधा उघडला तेव्हा बाईंचाच जीव खालीवर झाला, पण सुनेचा हात जरासुद्धा अडखळला नाही. एक घाव दोन तुकडे. बाईंच्या हाताखालून हजारो माणसं शिकून गेली होती. त्यांतल्या कुणाबद्दलही जे वाटलं नव्हतं ते बाईंना त्या क्षणी वाटलं. ही पोर आपल्यापेक्षा मोठी आहे, असं त्यांना वाटलं, आणि त्याचं वाईट अजिबात वाटलं नाही.

दुसरा रेडिएटर बाक दिलेला, पातळ आणि रुंद होता. गाडीचे हादरे बसू नयेत म्हणून या खेपेला त्याच्या पायांना रबराच्या गाद्या होत्या. स्प्रिंगा काढून पुन्हा चाक वर आणून पाहिलं, तेव्हा पूर्ण वर आल्यावरही मधे बोट जात होतं. सुनेनं कूलंट भरलं. नळ्या दाबून, गाडी डावीउजवीकडे कलती करून आत अडकलेली हवा बाहेर काढली. शेवटचा बुडबुडा फुटेपर्यंत ती झाकण लावायला तयार नव्हती.

"रिंग रोडला एक चक्कर मारून येऊ," मुलगा म्हणाला. "मोकळा असतो."

"मोकळ्या रस्त्यावर तुझा चहासुद्धा गार होतो," बाई म्हणाल्या. "पुलावर जायचं. ऑफिसं सुटताना." मग सुनेकडे वळून, "मागे बस."

पुलावर नेहमीसारखी कोंडी होती. मधोमध येऊन गाडी थांबली. पुढे ट्रक, मागे बस, जागचं कुणी हलेना. इंजिनाची धग मांड्यांना जाणवायला लागली आणि तापमानाचा काटा चढू लागला. निम्म्यावर आला. निम्म्याच्या पुढे गेला. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, इथे तर नडगीवरचा डाग अजून लाल होता. काटा तांबड्या रेघेकडे सरकला तसा बाईंचा अंगठा इंजिन बंद करायच्या बटणावर गेला. आत्ता बंद केली तर उकळणार नाही. पण मग उद्याही इथे बंद करावी लागेल, आणि परवाही, आणि अशी भित्री गाडी दिवाणखान्यातच शोभते.

"आई, बंद नका करू," मागून सून म्हणाली. आवाज शांत होता. "पंखा लागायच्या आधी काटा एवढा चढतोच. थांबा जरा."

गाडीवर बसल्यावर बाईंनी आजवर कुणाचं ऐकलं नव्हतं. त्या ऐकवायच्या. काटा आणखी एक केसभर सरकला. बाईंनी मनात करवत चालवणाऱ्या त्या हाताकडे पाहिलं आणि बटणावरचा अंगठा उचलला.

घर्रर्र. पंखा लागला. काटा जागच्या जागी थबकला, मग नाराजीनं असावं तसा मागे फिरला आणि निम्म्याच्या खाली येऊन बसला. पंखा थांबला. काटा चढला, पंखा लागला, काटा उतरला. कोंडी सुटेपर्यंत त्या दोघांचं हेच चाललं होतं, आणि बाई हेल्मेटच्या आत एकट्याच हसत होत्या.

घरी दारात मुलगा येरझाऱ्या घालत होता. त्याचा चेहरा बघून बाईंना त्याची दयाच आली. ओरडला होता तोही काळजीपोटीच.

"नाही उकळली," त्या म्हणाल्या. "त्या औषधवाल्याला सांग, सोफ्यासमोर एखादी कुंडी ठेव. आणि हेही ऐकून ठेव. माझ्यानंतर ही गाडी तुझी नाही. हिची."

सून हेल्मेट काढता काढता थांबली. "माझी? पण आई, मला कुठे चालवता येते?"

"ते माझ्याकडे लागलं. सकाळी सहाला तयार राहा," मास्तरीणबाई म्हणाल्या. "आणि चुकलीस की मी ओरडणार, आत्ताच सांगून ठेवते."