न्यूट्रलमधली खडखड

मर्व्ह डन्स्टनने टेबलावरून किल्ली सरकवली. ती थोरल्या जावयाच्या, नेव्हिलच्या ताटाला वळसा घालून धाकट्या जावयापुढे, रसेलपुढे जाऊन थांबली.

"घे," म्हातारा म्हणाला. "पण चालव हं. नुसती पुसत बसू नकोस."

मर्व्हच्या दोन्ही मुलींनी टाळ्या वाजवल्या. नेव्हिलनेही वाजवल्या. मग तो खाली मान घालून ताटातलं कोकराचं मटण कापत राहिला. ते कापून कापून बारीक झालं, पण एक तुकडा तोंडात गेला नाही.

गाडी म्हणजे मर्व्हची हिरवी स्पोर्ट्स कार. इंग्लंडात बनलेली, दोनच माणसांची, टप मागे दुमडणारी. मर्व्हला मुलगा नव्हता. हेदरशी लग्न झाल्यापासून वीसेक वर्षं दर रविवारी नेव्हिल सासऱ्याच्या शेडमध्ये हजर असायचा. वाटाणे गोठवायच्या कारखान्यात तो फिटर होता. आठवडाभर तिथली यंत्रं आणि रविवारी ही गाडी. दोघांनी मिळून तिचा गिअरबॉक्स दोनदा जमिनीवर उतरवून पुन्हा चढवला होता. रसेल तेव्हा सिडनीत फ्लॅट विकत होता. बायकोला, जनीनला घेऊन तो इकडे किनाऱ्यावरच्या अल्व्हरस्टन गावी आला त्याला चारच वर्षं झाली होती. तेल कुठे घालायचं हेसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं. कानामागून आला आणि तिखट झाला!

आता कंबरेचं हाड मोडल्यावर मर्व्ह वृद्धाश्रमात राहायला निघाला होता, आणि गाडी निघाली होती रसेलकडे.

"तुला वाईट वाटलं का रे?" घरी जाताना हेदरने विचारलं.

"मला कशाला वाटेल? दोन माणसांची गाडी. आपल्याला काय करायची?" नेव्हिल म्हणाला. पण त्या दिवसापासून रसेल किनाऱ्याच्या रस्त्याने ती गाडी घेऊन गेला की नेव्हिलला घरात बसून आवाज ओळखू यायचा. तिसऱ्यावरून दुसऱ्यात टाकताना गडी गिअर खरवडायचा. ते खरवडणं नेव्हिलला स्वतःच्या दातांत जाणवायचं.

महिन्याभराने एका संध्याकाळी रसेल गाडी घेऊन त्याच्याच दारात आला. इंजिन चालूच ठेवून खाली उतरला.

"नेव्हिल, जरा कान दे ना इकडे. गाडी उभी असली, न्यूट्रलमध्ये, की आतून काहीतरी खडखडतं. हे असंच असतं का? की काही बिघडलंय?"

नेव्हिल वाकला. पत्र्याच्या डब्यात मूठभर सुके वाटाणे घालून हलकेच हलवावेत तसा तो आवाज. पहिल्या रविवारी नेव्हिलनेही हाच प्रश्न मर्व्हला विचारला होता, आणि मर्व्ह हसून म्हणाला होता, "अरे, गिअरच्या दातांवर भार नाही, रिकामेच फिरताहेत, म्हणून गप्पा मारतात. क्लच दाब, गप्प बसतील." क्लच दाबल्यावर खरंच आवाज बंद झाला होता.

आता तेवढंच रसेलला सांगायचं होतं. एका वाक्याचं काम.

"कधीपासून येतोय?" नेव्हिलने विचारलं.

"आणली तेव्हापासून. मर्व्ह म्हणतात काही नाही त्यात. पण त्यांना आता ऐकू कमी येतं ना. तू म्हणालास तर मी निर्धास्त."

नेव्हिलने सरळ होऊन हात पँटला पुसले. रसेलच्या डोक्यावर नवी करकरीत चौकड्यांची टोपी होती, अगदी मर्व्हच्या टोपीसारखी. नेव्हिलची नजर त्या टोपीवर खिळली.

"तुझ्या जागी मी असतो तर चालवली नसती," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"बेअरिंग असू शकतं. उतारावर बॉक्स जाम झाला तर..." पुढचं त्याने हवेतच सोडलं.

"बापरे! बरं झालं तुला विचारलं." रसेलने गाडी बैलगाडीच्या चालीने घरी नेली. दुसऱ्या दिवशी नेव्हिलच्या पायरीवर बिअरच्या सहा बाटल्या ठेवलेल्या होत्या. नेव्हिलने त्या प्यायल्या. चवीला छान लागल्या, हे खोटं कशाला सांगा.

नंतरचे काही आठवडे त्याचे सुखात गेले. कामावरून येताना तो मुद्दाम रसेलच्या गल्लीतून यायचा. गाडी ताडपत्रीखाली उभी. तुला नाही, मला नाही. ताडपत्रीवर चिमण्यांनी घाण केलेली बघूनसुद्धा त्याला बरं वाटायचं.

एका शनिवारी हेदरला बरं नव्हतं, म्हणून तो एकटाच सासऱ्याला भेटायला गेला. मर्व्ह दाराजवळच्या खुर्चीत बसला होता. अंगात लोकरीचा कोट, मांडीवर टोपी.

"कुठे निघालात?" नेव्हिलने विचारलं.

"कुठे जाणार? सवयीने बसतो." म्हातारा म्हणाला. "रसेल दर शनिवारी न्यायचा. किनाऱ्याकिनाऱ्याने पेंग्विन गावापर्यंत. तिथे शिंपल्यांचं पॅटिस खायचं आणि परत. इथल्या बाईला वाटतं माझी भूक गेलीय. भूक नाही गेली, पॅटिस गेलं."

नेव्हिलला हे ठाऊक नव्हतं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि त्यानेही कधी गाडीबद्दल चकार शब्द विचारला नव्हता.

"बॉक्स बिघडलाय म्हणे," मर्व्ह पुढे म्हणाला. "मी म्हटलं रसेलला, अरे, ती उभी असली की बडबडतेच. तर म्हणतो, नेव्हिलने ऐकलंय. नेव्हिल म्हणाला म्हणजे झालं." मर्व्हने मान वर केली. "क्लच दाबून बघितलास?"

नेव्हिलने शेजारची खुर्ची ओढली.

म्हाताऱ्याने बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. त्याला ऐकू कमी येत होतं, समजत सगळं होतं. तो रागावला असता तर नेव्हिलला सोपं गेलं असतं. त्याने नुसती टोपी उलटी करून तिच्या आत बघितलं.

शेवटी नेव्हिलच्याच तोंडून निघालं, "त्याला का दिलीत हो? इतकी वर्षं मी होतो तुमच्याबरोबर."

"त्याने मागितली," मर्व्ह म्हणाला. "सरळ म्हणाला, मर्व्ह, तुम्ही चालवणार नसाल तर मला द्या, मी तुम्हाला फिरवीन. तू कधी मागितलीस?"

"मागायची कशाला? मला वाटलं तुम्हाला कळत असेल."

"कळत होतं. पण तू काही बोलेना. म्हटलं, याला रविवार हवेत, गाडी नको." मग हळूच म्हणाला, "चुकलं असेल माझं."

नेव्हिल तिथून तडक रसेलकडे गेला. रसेल हिरवळ कापत होता. त्याने यंत्र बंद केलं.

"गाडीला काही झालेलं नाही," नेव्हिल म्हणाला. "तो आवाज पहिल्यापासून आहे. मला माहीत होतं."

"माहीत होतं म्हणजे? मग असं कसं..."

"खोटं बोललो. तुझ्याकडे गाडी गेलेली मला बघवेना."

रसेल लालबुंद झाला. "माझं राहू दे रे. पण तो म्हातारा दर शनिवारी कोट घालून बसतो तिथे! मी त्याला फोनवर काय काय थापा मारत होतो, माहितीये? पार्ट इंग्लंडहून यायचाय, बोट लांबलीय... आणि वर तुला बिअर पाजली मी!"

"हो."

"भिकारडा आहेस तू, नेव्हिल."

"हो."

रसेलने जाऊन ताडपत्री ओढली. बॅटरी उतरली होती. ढकलल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, म्हणून रसेल आत बसला आणि नेव्हिलने मागून खांदा लावला. गल्लीच्या उतारावर गाडी फुरफुरली, धूर सोडून सुरू झाली.

"क्लच दाब," नेव्हिल धापा टाकत म्हणाला. खडखड थांबली. "सोड." पुन्हा सुरू झाली.

"एवढंच?" रसेल म्हणाला. हसू आलं नाही त्याला. "बस बाजूला. ते तिसऱ्यावरून दुसऱ्यात कसं टाकायचं, तेही दाखव. म्हातारा दर वेळी ओरडायचा."

नेव्हिल शेजारी बसला आणि अंधार पडेपर्यंत गल्लीत वर-खाली करवून त्याने शिकवलं. स्टिअरिंगला रसेलने हात लावू दिला नाही. नेव्हिलनेही तसं मागितलं नाही. मागायचं तोंडच नव्हतं.

पुढच्या शनिवारी नेव्हिल आणि हेदर आपल्या मोठ्या गाडीतून मागोमाग निघाले. पुढे हिरव्या गाडीचा टप उघडा होता. दोन चौकड्यांच्या टोप्या, एक वाकलेली, एक ताठ. वळणाच्या आधी रसेलने दुसरा गिअर टाकला, लोण्यातून सुरी जावी तसा. म्हाताऱ्याने हात उंच करून आनंदाने काहीतरी आरोळी ठोकली. वाऱ्यात शब्द कळले नाहीत. त्याने रसेलच्या पाठीवर थाप मारली.

"बाबा किती खूश आहेत बघ," हेदर म्हणाली.

"हो ना," नेव्हिल म्हणाला, आणि ते खरंही होतं. पण ती थाप त्याला लागली, पूर्वीसारखीच दातांत. त्याने काच खाली केली, नीट ऐकू यावं म्हणून, आणि दोन गाड्यांमधलं अंतर थोडं कमी केलं.