चतुराबाईंचं यकृत आणि माझे चार हात

मित्रांनो, अमरावतीच्या एका दवाखान्यात चार हातांचं एक म्हातारं यंत्र उभं आहे. ते मीच. शस्त्रक्रियेचा रोबो.

मी नवा आलो तेव्हा माझं काय कौतुक! उद्घाटनाला माझ्याकडून संत्र्याचं साल सोलून पुन्हा शिवून घेतलं. टाळ्या पडल्या. मी फुगलो.

त्याच वर्षी बोंडअळीनं कापूस खाल्ला होता. अकोल्याकडच्या चतुराबाई यकृतात गाठ घेऊन आल्या. संत्र्याची गोष्ट त्यांच्या कानावर आली होती; मला पाहताच त्या कॉटवरून उतरू लागल्या.

"तिकडं वावरात अळी, अन् इथं हे! संत्र्याले रगत येते काय? माह्या पोटात येते!"

त्यांचे यजमान सूर्यभानजी माझ्याभोवती फिरून म्हणाले, "हा जेवते काय?"

डॉक्टर लुबना हसल्या. "मावशी, हा आपल्या मनानं सुईबी हालवत नाई. मी तिकडं बसून हात हालवीन, तसे याचे हालतीन."

"अन् लाइट गेली तं?"

"याच्यात बॅटरी हाये, बाहेर जनरेटर हाये. तरी अडचण आली तं याले बाजूले करून मी सोता करीन."

शेवटच्या वाक्यावर चतुराबाई तयार झाल्या. मला मात्र ते लागलं.

शस्त्रक्रिया सुरू झाली. बारीक छिद्रांतून माझे हात आत गेले. गाठीभोवतीचं यकृत निम्मं नीट सुटलं. इतक्यात एक शीर फुटली. लुबनांनी माझ्याच चिमट्यानं ती दाबली, पण रक्त थांबेना. चिमटा तसाच धरून ठेवून त्या उठल्या, हात धुऊन आल्या. "काढा याले!"

मला मागे ओढलं. रागावलेल्या पाहुण्यासारखा मी कोपऱ्यात उभा राहिलो. लुबनांनी पोट उघडलं, शीर बांधली, गाठ काढली.

चतुराबाई वाचल्या. सूर्यभानजी माझ्यासाठी नारळ घेऊन आले, तर चतुराबाई कडाडल्या, "त्याले काहून? त्याले हाकललं म्हणून मी वाचली!"

"नाई मावशी," लुबना म्हणाल्या, "मी हात धुऊन येईपर्यंत शीर त्यानंच दाबून धरली होती. अन् वेळेवर बाजूले झाला, हेबी त्याचंच काम."

नारळ मात्र लुबनांनी फोडू दिला नाही. माझ्या पायाशी फरशी ओली झाली असती. पण त्या दिवशी माझा फुगा अलगद उतरला.

पुढं कितीतरी यकृतं मी छोट्या छिद्रांतून सांभाळली. आता शिकाऊ डॉक्टर माझ्यावर सराव करतात. मित्रांनो, माझे सांधे तपासा, मला पुसून ठेवा. पण मला मागे ओढायचाही सराव करा. त्यात माझा अपमान नाही. टेबलावर माणूस निजलेला असतो.