प्रयागबाई विरुद्ध सरकार

कुहीकडच्या प्रयागबाईंनी सरकारला दिल्लीच्या मोठ्या कोर्टात ओढलं, हे गावाला आधी समजलं आणि प्रयागबाईंना मागून. वकिलानं कागद पुढे केला, पोरानं बोट ठेवलं, तिथे त्यांनी सही ठोकली. बंदूक परत मिळते म्हणाले, म्हणून ठोकली. त्यात त्यांचं काय चुकलं?

बंदूक नवऱ्याची, ठासणीची, पीक राखायची. धानाच्या बांध्यांत रानडुकरं शिरली की हवेत एक बार काढायचा, कळप पळालाच. नवरा गेला तेव्हा परवाना प्रयागबाईंच्या नावावर झाला, कारण पोरावर, म्हणजे गोलूवर, मारामारीची केस होती. मग निवडणूक लागली. निवडणूक लागली की साऱ्यांच्या बंदुका ठाण्यात जमा. ती संपते न संपते तोच दुसरी लागली, दुसरीच्या मागं तिसरी. बंदूक ठाण्यात आणि डुकरं वावरात, अशी सगळी मजा. शहरातल्या नंदनवन वस्तीतले गौरांग वकील म्हणाले, कारण न सांगता सरसकट सगळ्यांच्या बंदुका कशा ठेवून घेता, आपण आव्हान देऊ. इथल्या कोर्टात हरले, तर दिल्लीला गेले.

दिल्लीला तारीख लागायची होती, तेवढ्यात घरी भलतंच झालं. शेजारचं वावर प्रयागबाईंचे दीर रामाजी यांचं. काकानं दोन वावरांमधला धुरा सरकवून आपली जमीन दाबली, असं गोलूच्या डोक्यात बसलं, आणि गोलूच्या डोक्यात बसलेलं काढणं ब्रह्मदेवाच्याही हातचं नाही. एका सकाळी गोठ्यात गाईला चारा टाकता टाकता बाईंनी ऐकलं. गोलू बायकोला, दामिनीला, सांगून राहिला होता, "बंदूक येऊ दे फक्त. मंग काकाले समजावतो धुरा कुठं असते ते."

प्रयागबाई चारा हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. गाय मान लांब करून चाऱ्याची वाट पाहत राहिली.

त्या दिवसापासून बाईंचं डोकं चालेनासं झालं. देवापुढं हात जोडावे तर मागावं काय? जिंकू दे म्हणावं तर गोलूच्या हातात बंदूक दिसे. हरू दे म्हणावं तर डुकरांनी लोळवलेलं धान डोळ्यांपुढं येई. शेवटी 'तुले समजते ते कर बापा' म्हणून त्या सगळं देवावर ढकलून मोकळ्या होत. देवाला तरी काय समजत असेल, कोण जाणे.

सुनावणी मोबाईलवर दिसते म्हटल्यावर गोलूनं मायला मोटरसायकलवर बसवलं आणि नंदनवनात वकिलाच्या घरी आणलं. मोबाईलात काळ्या कोटातली माणसं इंग्रजीत बोलून राहिली होती. कोण आपलं, कोण परकं, काही पत्ता लागत नव्हता. एक उंच माणूस उठला आणि बराच वेळ बोलला. गौरांगनं समजावून सांगितलं, "काकू, हा म्हणतो, घरात बंदूक असली की घरातलंच भांडण तिच्यापर्यंत जातं. म्हणून ती आधीच काढून घेतलेली बरी."

"बरोबर बोलून राहिला बिचारा," प्रयागबाई म्हणाल्या. "आपलाच वकील हाये ना?"

"काकू, तो सरकारचा आहे."

गोलूनं मायकडं वळून पाहिलं. बाईंनी घाईघाईनं बिस्कीट चहात बुडवलं आणि ते चहातच राहिलं.

मग दिल्लीतला आपला वकील उठला. या बाईंवर गुन्हा नाही, कोणाची तक्रार नाही, मग साऱ्यांना एकाच मापानं काहून मोजता, असं त्याचं म्हणणं. तेही बाईंना पटलं. दोघंही खरंच बोलत होते, मग भांडत कशासाठी होते, हे कोडं घेऊनच त्या घरी परतल्या.

दिवाळी झाली आणि निकाल आला. गौरांगचा फोन आला की आपण जिंकलो. बंदुका सरसकट ठेवून घ्यायच्या नाहीत. ज्याच्या त्याच्या घरची परिस्थिती पाहायची, कारण असलं तरच ठेवायची. प्रयागबाईंना एवढंच समजलं की बंदूक घरी येणार. गोलूनं गावभर पेढे वाटले. रामाजीचं घर तेवढं वगळलं.

ठाण्यात साहेबांनी बंदूक टेबलावर आणून ठेवली. नवऱ्याच्या जुन्या दुपट्ट्यात बांधलेली होती, गाठही तो मारायचा तशीच होती. ती पाहून बाईंना भरून आलं. उचलून छातीशी धरावी असं वाटलं.

"आजी, आता कोर्टानं सांगितलं म्हणून विचारावं लागतं," साहेब म्हणाले. "घरी कोणाशी वाद, धमकी, असं काही आहे का? नसेल तर इथं सही करा आणि घेऊन जा."

"काहीच नाही साहेब," गोलू म्हणाला.

"तुम्हाला नाही विचारलं. परवाना आजींचा आहे."

आत्ता कुठं प्रयागबाईंना दिल्लीचा निकाल समजला. इतके दिवस सरकार न विचारता बंदूक ठेवून घेत होतं, म्हणून त्यांना तोंड उघडावं लागत नव्हतं. कोर्टात जाऊन, जिंकून, हे बोलणं त्यांनी आपल्याच हातानं आपल्या गळ्यात बांधून घेतलं होतं. मागं पोरगा उभा होता. त्याचा श्वास त्यांना ऐकू येत होता.

"हाये साहेब," त्या म्हणाल्या. "वाद हाये. माह्या पोराचा, त्याच्या काकासंग. बंदूक तुमच्याचपाशी राहू द्या."

बाहेर गोलू मोटरसायकलपाशी उभा होता. रागावला होता की रडवेला झाला होता, ते त्याच्या तोंडावरून समजत नव्हतं.

"एवढ्या सरकारले हरवलं आपण," तो म्हणाला. "अन् तू काहून असं बोलली वं माय?"

"डुक्कर आलं तर मी टिनाचा पिपा वाजवीन, बापू," बाई म्हणाल्या. "तुह्यासाठी काय वाजवू?"

गोलूनं गाडी सुरू केली. बाई मागं बसल्या. येताना धरला होता तसा त्याचा खांदा धरावा की नाही, हे मात्र त्यांना काही केल्या समजेना.