म्हातारीच्या पोटात शिट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पिकअप गाडी आहे. बिदिया नावाच्या वाळवंटी गावात माझा जन्म गेला. आधीच सांगून ठेवते, सध्या माझं डोकं तापलेलं आहे आणि त्याचा उन्हाशी काही संबंध नाही. माणसांनी तापवलं आहे.

मी नवी आले तेव्हा पांढरीशुभ्र होते. मुसब्बहने मला घरी आणलं, तेव्हा त्याच्या बायकोने, शमसाने, माझ्या नाकाडावर ऊद फिरवला आणि शेजारणींना सांगितलं, "दृष्ट लावू नका गं माझ्या गाडीला." दुसऱ्याच दिवशी माझ्या पाठीवर पाण्याची टाकी चढली. मग लसूणघासाच्या पेंढ्या, सुक्या मासळीची पोती, खजूर, तंबूचे खांब, आजारी माणसं, आणि उंट. उंट पाय दुमडून माझ्या पाठीवर बसायचा आणि टपावरून मान काढून असा बघायचा, जणू गाडी तोच चालवतोय. मी कधी तक्रार केली नाही. घोडं मेलं ओझ्यानं म्हणतात, मी तेवढ्यानंही मेले नाही.

माझ्या पोटात सहा सिलिंडरचं साधं इंजिन होतं. चढावर त्याला धाप लागायची आणि दर थोड्या वेळाने ते एकदा 'टक' करून ठोका द्यायचं. हा ठोका कुणालाच दुरुस्त करता आला नाही. पण मित्रांनो, वाळूत सोडलेले आमचे उंट तो ठोका ओळखायचे. दोन टेकड्यांपलीकडून मी 'घर्र घर्र टक' करत निघाले की ते माना उंचावून धावत यायचे. माझा आवाज म्हणजे घास आणि पाणी. सगळ्यांच्या पुढे असायची समहा.

समहा ही शमसाची सांडणी. शमसाच्या वडिलांच्या कळपातली ती शेवटची. बाकीच्या काही विकल्या गेल्या, काही मेल्या. समहा आता म्हातारी झाली होती आणि बहुधा शेवटचीच गाभण होती. मागच्या खेपेला पिल्लाचा पाय आत अडकला, जवळ कुणी नव्हतं, आणि पिल्लू गेलं. या वेळी कालवड, म्हणजे सांडणीचं मादी पिल्लू, झाली आणि जगली, तर शमसाच्या बापाचा वंश पुढे चालणार होता. नाहीतर संपला. शमसा हे रोज कुणाला ना कुणाला सांगायची. मलाही सांगायची.

आणि नेमकं त्याच वर्षी घरच्या लेकाला हुक्की आली. हमदून लग्नाच्या वयाचा झाला होता, मिशी फुटली होती, अक्कल अजून यायची होती.

"अबूय, ही चढावर रडते," तो बापाला म्हणाला.

"रडू दे. पोचवते ना?"

"लोक हसतात मला! त्या दिवशी सगळ्यांच्या गाड्या मोठ्या टेकडीवर चढल्या आणि मी खाली कहवा पीत बसलो."

"मग? कहवा वाईट होता का?"

हमदून रुसला. जेवताना सगळे एका थाळीभोवती बसायचे, तर हा पाठ करून बसू लागला. शेवटी शमसाच कंटाळली. "करू द्या हो त्याला काय करायचंय ते," ती नवऱ्याला म्हणाली. "घरात असं तोंड घेऊन फिरतो, दूध नासेल एखाद दिवशी." मित्रांनो, 'करू द्या' हे शब्द लक्षात ठेवा. तिलाही ते पुढे चांगलेच लक्षात राहिले.

मला दादकरीमच्या गॅरेजात नेलं. दादकरीम बलुची, हाताचा हुशार, तोंडाचा फाटका. कुण्या श्रीमंताच्या आपटलेल्या मोटारीतलं टर्बोवालं इंजिन त्याच्याकडे पडून होतं. त्याने ते पाहिलं, मला पाहिलं, आणि कपाळावर हात मारला. "अरे, ही तुझी आजी आहे. आजीला नाचायला लावतोस?"

"तू बसव."

"बसवतो. मग कंबर मोडली तर माझ्या दारात रडत येऊ नको."

साखळी लावून माझं जुनं इंजिन वर उचललं आणि कोपऱ्यात दोन टायरांवर ठेवलं. नवीन इंजिन माझ्या पोटात मावेना, म्हणून त्यांनी पोट बदललं. जुने आधार कापले, नवे वेल्डिंग करून लावले. गिअरबॉक्स जुळेना, म्हणून मध्ये जाड लोखंडी पट्टी घातली. रेडिएटर पुढे ढकलला. त्याच्याही पुढे, हवा गार करायला म्हणून, आणखी एक जाळी माझ्या दातांत बसवली. इतकं करून बॉनेट लागेना, तर त्याला भोक पाडलं! माझं मत कुणीही विचारलं नाही. शेतातल्या गाढवालाही लोक आधी चुचकारतात.

टर्बो म्हणजे काय, तर धुराच्या जोरावर फिरणारी एक छोटी चक्की. ती इंजिनात हवा कोंबते, आणि कोंबताना शिट्टी घालते. पाय काढला की 'फिस्स्' करून मोठा सुस्कारा टाकते. या वयात मी चारचौघांत शिट्ट्या घालायच्या आणि सुस्कारे टाकायचे! लाजेने माझा उरलासुरला रंग उडाला.

हमदूनने टायरांतली हवा कमी केली आणि मला मोठ्या टेकडीवर सोडलं. खोटं कशाला बोलू, मी चढले. सरळ माथ्यापर्यंत चढले, आणि मला मजा आली. टेकडीच्या कडेला बसलेली माणसं उभी राहून ओरडली, पोरांनी माझा फोटो काढला, हमदूनला कुणीतरी खांद्यावर घेतलं. इतक्या वर्षांत इतकं पाणी वाहिलं, तेव्हा कुणी टाळी वाजवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुसब्बह मला घेऊन कळपाकडे निघाला. लांबून उंट दिसले. मी शिट्टी घातली, मग गिअर बदलताना 'फिस्स्' केलं. अख्खा कळप उधळला. मुसब्बह लसूणघासाची पेंढी हातात धरून उभाच राहिला.

"अरे मीच आहे!" तो ओरडला. "घास आणलाय, घास!"

ऐकतो कोण? सगळ्यांच्या पुढे समहा, भरल्या पोटाने धावत. संध्याकाळपर्यंत बाकीचे भुकेने परत आले. समहा आली नाही. दिवस भरलेली सांडणी तशीही विण्यासाठी एकांत शोधते. आता तर तिला आम्हीच पळवून लावलं होतं.

मग शोध सुरू झाला. हमदून चाकावर, मुसब्बह शेजारी, शमसा पाठीवर उभी राहून टपाला धरलेली. पावलांचे ठसे सापडायचे, पलीकडच्या उतारावर समहा दिसायची, आणि माझी शिट्टी कानावर पडली की पुन्हा पळायची. जितकी मी जोरात जाई, तितकी ती लांब जाई. आम्ही तिला शोधत नव्हतो, हाकलत होतो. पायी गेलं तरी पोचेपर्यंत ती निघून जायची. मुसब्बहचे गुडघे गेले होते आणि हमदूनला ती कधीच धरू देत नव्हती. तो तिचा लाडका नव्हताच.

"थांबव ती सैतानी!" शमसा टपावर थापटत ओरडली. सैतानी म्हणजे मी. मित्रांनो, ते मला फार लागलं.

"आई, अजून थोडं पुढे..."

"पुढे पुढे करून तिला समुद्रात घालणार आहेस? तिला तू नकोस, मी नको, तुझा बापही नको. तिला तो जुना आवाज हवाय. जा, तो आवाज घेऊन ये."

"आवाज कसा आणू?"

"जसा काढलास, तसा आण!"

हमदून मला घेऊन सरळ दादकरीमच्या गॅरेजात गेला. दादकरीमने ऐकलं आणि पहिल्यांदाच तो कुणाला टोमणा मारायला विसरला. त्याने जुनं इंजिन साखळीने उचललं आणि माझ्या पाठीवर, जिथे उंट बसायचे तिथे, लोखंडी चौकटीवर कसून बसवलं. बॅटरी जोडली, पेट्रोलचा डबा टांगला, जुना सायलेन्सर लावला.

"पण ऐक," तो म्हणाला. "याला रेडिएटर नाही. एक कप कहवा पिऊन होईल इतकाच वेळ चालव. जास्त चालवलंस तर जाम होईल आणि पुन्हा उठायचं नाही."

समहाचे ठसे संपत होते तिथून बरंच अलीकडे आम्ही थांबलो. हमदूनने शिट्टीवालं नवं इंजिन बंद केलं. मग पाठीवरचं इंजिन सुरू केलं. घर्र घर्र टक. माझंच काळीज, माझ्याच पाठीवर बसून, माझ्याच आवाजात बोलत होतं. मला काय वाटलं ते सांगता येत नाही. रडू आलं म्हणा.

कुणी आलं नाही. कहवा पिऊन व्हायचा वेळ उलटला. इंजिनातून वाफ यायला लागली.

"बंद कर," मुसब्बह म्हणाला.

"नाही."

"जळेल ते, वलदी, पोरा माझ्या."

"जळू दे अबूय! ऐकलं असेल तिने. येईल ती."

इंजिनाचा आवाज जाड झाला, ठोका मंद झाला. एक कर्कश किरकिर झाली आणि ते थांबलं. त्या शांततेत पलीकडच्या खोलगटातून समहाने हंबरडा फोडला. ती चालू शकत नव्हती, म्हणून आली नव्हती. पण आवाज तिने ओळखला होता, आणि ती बोलावत होती.

शमसा चपला टाकून धावली. या वेळीही पिल्लाचा पाय अडकला होता. मुसब्बहने समहाची मान धरली, शमसाने हात घातला, हमदूनने आईच्या सांगण्याप्रमाणे ओढलं. "हळू, मेल्या! टेकडी चढतोयस का?" एवढंच मला ऐकू आलं. मग एक बारीक, ओलं, चार लांब पायांचं काहीतरी वाळूत पडलं आणि शिंकलं. कालवड होती. शमसा तिथेच वाळूत बसली आणि मोठ्याने रडली. हमदून मात्र वर आला आणि गार पडत चाललेल्या इंजिनावर हात ठेवून कितीतरी वेळ उभा राहिला.

घरी येताना कालवड माझ्या पाठीवर होती, मेलेल्या इंजिनाशेजारी. समहा पिल्लाच्या मागे मागे, माझी शिट्टी सहन करत, मला शिव्या दिल्यासारखी गुरगुरत चालत आली.

आता कळपापासून लांब मला उभी करतात आणि हमदून पेंढ्या डोक्यावर वाहून नेतो. त्याच्या नाकी नऊ येतात. येऊ द्या. मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्यांना नवं काही बसवायला आमची ना नाही. पण आमच्यातलं काही उपटून काढण्याआधी एवढं तरी विचारा, की त्याच्या भरवशावर कोण जगतंय. आम्ही सांगू शकत नाही आणि उंटांना तुम्ही विचारत नाही.

मला अजून राग येतो. पण काल मी शिट्टी घातली तेव्हा सगळा कळप पळाला, समहासुद्धा, आणि ती छोटी एकटी मागे फिरून, पाय कसेही टाकत, माझ्याकडे धावत आली. तिने जन्मल्यापासून ऐकलेला माझा आवाज तोच. तिच्यापुढे मी काय रागावू? मी जमेल तितकी हळू शिट्टी घातली.