नुसता चाफा

मातीच्या वर साधारण चार सेंटिमीटरवर खोडाची साल दबत होती. बाकी खोड टणक होतं, करडं, त्यावर गळलेल्या पानांचे वण. फक्त या एका जागी, दोन बोटांएवढ्या पट्ट्यात, अंगठा टेकवला की साल आत जायची आणि अंगठा उचलल्यावर परत वर यायला वेळ घ्यायची. मी तीनदा दाबून पाहिलं. मग कुंडी उचलून वजनकाट्यावर ठेवली. पाच किलो सातशे ऐंशी ग्रॅम. वहीत दोन आठवड्यांपूर्वीची नोंद होती, चार किलो नऊशे दहा.

जानेवारीत मी चाफ्याला पाणी घालत नाही. पानं नसतात, मुळं काही ओढत नाहीत, आणि थंड मातीतलं पाणी खोडाला कुजवतं. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत कुंड्या मागच्या छोट्या खोलीत, बारा-तेरा अंशांत, कोरड्या ठेवायच्या, हा नियम. म्हणजे कुणीतरी जवळजवळ लिटरभर पाणी घातलं होतं. घरात माणसं तीन. मी घातलं नव्हतं. ईप्सिता नऊ वर्षांची आहे आणि स्वतःची बाटलीसुद्धा भरत नाही. उरला शिरीष.

शनिवारची सकाळ होती. शिरीष स्वयंपाकघरात दुसरा चहा करत होता. तो र्युसेल्सहाइमला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे, आम्ही दोघी एर्लांगेनला, दोन्ही जर्मनीतच पण लांब. शुक्रवारी रात्री तो ट्रेनने येतो, रविवारी संध्याकाळी जातो. सहा वर्षं हे असंच चाललंय. ते थांबवण्याचा एक मार्ग त्याच्या बॅगेत एका कागदावर होता. कंपनी पुण्यात नवीन डिझाइन सेंटर काढते आहे, त्याला जूनपासून तिथे मोठी जागा देते आहे, आणि सोमवारपर्यंत लेखी उत्तर मागते आहे.

हे असं तिसऱ्यांदा होत होतं. पहिल्या वेळी माझा प्रोबेत्साइट, म्हणजे नव्या नोकरीतला परीक्षेचा काळ, चालू होता, मधेच नोकरी सोडली तर बरं दिसत नाही, असं मी म्हणाले. दुसऱ्या वेळी ईप्सिता शाळेत जायला लागणार होती. या वेळी ऑक्टोबरमध्ये शिरीषने विचारलं तेव्हा मी कुंड्या आत घेत होते. "हा हिवाळा जाऊ दे, बघू," असं म्हणाले. त्यानंतर तो पुण्यातल्या फ्लॅटच्या खिडक्यांना जाळ्या बसवायच्या का, ईप्सिताला कुठल्या शाळेत घालायचं, असे बेत करू लागला. मी ऐकत होते. गेला आठवडाभर मला एका जागी बसता आलं नव्हतं. लॅबमध्ये तराजूचं कॅलिब्रेशन दोनदा केलं. घरी आल्यावर एकेक रेडिएटर तपासत फिरले, खिडक्या उघडल्या, लावल्या, रोपांवरच्या दिव्याचं टायमर काढून परत तेच लावलं.

"शिरीष, मोठ्या चाफ्याला पाणी घातलंस?"

"हो, गेल्या रविवारी," तो कप घेऊन आला. "तू तळघरात कपडे धुवायला गेली होतीस. अगं, काय अवस्था झाली होती त्याची. नुसती काठी. मला वाटलं, विसरलीस."

"तो झोपलाय."

"झोपेतून उठून माणूस पाणी पितोच की."

"तो कुजलाय, शिरीष."

त्याचं तोंड उतरलं. मी टेबलावर जुनी वर्तमानपत्रं पसरली, चाकू अल्कोहोलने पुसला आणि झाड कुंडीतून उपटलं. मुळांशी माती चिखलासारखी झाली होती. वास पसरला तशी ईप्सिता नाक धरून दारात आली.

"आई, दास श्टिंक्ट!"

"मग तुझ्या खोलीत जा. दार लाव."

"इश् वोल्टे नुअर..." मला फक्त बघायचं होतं, असं काहीतरी म्हणत ती गेली. दार लागल्याचा आवाज आला नाही.

कुजलेल्या चाफ्यावर एकच उपाय असतो. खालून कापत जायचं. कापलेल्या गोलात मधोमध तपकिरी दिसलं की आणखी वर कापायचं. पांढरं, स्वच्छ, कडेकडेने चीक आलेलं दिसलं की थांबायचं. मग ती फांदी दोन आठवडे कोरडी ठेवायची, काप सुकून खपली धरली की मातीत लावायची. काही वेळा निम्मं झाड वाचतं. काही वेळा टोकापर्यंत कापत जावं लागतं आणि हातात काहीच राहत नाही.

पहिला काप मऊ पट्ट्याच्या वर घेतला. आत मधोमध नाण्याएवढा तपकिरी डाग.

हे झाड माझ्याकडे सहा वर्षं आहे. आम्ही जर्मनीत आलो त्याच्या दुसऱ्या हिवाळ्यात, न्युर्नबर्गच्या फलाटावर उणे आठ अंशांत उभे असताना शिरीष म्हणाला होता, "आत्ता मला कशाचा वास येतोय सांगू? चाफ्याचा." थंडीने त्याचे डोळे पाणावले होते. ते माझ्या लक्षात राहिलं. मी शोधाशोध केली. कोलोनला फ्राऊ हेलविग म्हणून एक निवृत्त बाई आहेत, काचेच्या खोलीत पन्नासेक चाफे वाढवतात. त्याच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून, ट्रेनने जाऊन मी त्यांच्याकडून वीतभर फांदी आणली. टोकाला मेण लावलेली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली.

नंतर मलाच नाद लागला. फ्राऊ हेलविग माशांच्या गळाची दोरी फुलात घालून परागीकरण करतात. त्यांच्याकडे बैलाच्या शिंगांसारख्या जोडशेंगा धरतात. त्यांनी पाकिटातून बारा बिया पाठवल्या, प्रत्येकीला कागदासारखा पातळ पंख. नऊ उगवल्या. फांदीपासून केलेलं झाड आईसारखंच निघतं, बीपासूनचं कसं निघेल सांगता येत नाही, त्याला तीन-चार वर्षं फूल येईपर्यंत थांबावं लागतं. ती नऊ रोपं दिव्याखाली ओळीने उभी आहेत. शिरीष त्यांना 'तुझा वर्ग' म्हणतो.

दुसरा काप. डाग लहान झाला होता, वाटाण्याएवढा.

तेवढ्यात शिरीषचा फोन वाजला. शनिवारी या वेळेला त्याच्या आईंचा फोन असतो. तिकडे दुपारचे साडेतीन वाजलेले असतात, त्यांची झोप झालेली असते. माझे हात चिकाने चिकट झाले होते, म्हणून शिरीषने फोन साखरेच्या डब्याला टेकवून टेबलावरच ठेवला.

"काय गं मीनल, शेवग्याची शेंग कापतेयस का?"

"नाही आई, चाफा. कुजलाय."

"बघू, इकडे धर जरा." मी फांदी फोनसमोर धरली. आईंनी चष्मा वर केला. "हा होय चाफा! हा तर खुरचाफा. वैकुंठ स्मशानाच्या वाटेवर असतो तो. घरात कुणी आणला?"

"मीच. शिरीषला आवडतो म्हणून."

"कुणाला?"

"शिरीषला."

आई हसल्या. "काहीतरीच काय. शिऱ्याला सोनचाफा लागायचा. दहावीच्या वर्षभर कंपासपेटीत ठेवायचा. पेटी उघडली की पहिल्या बाकापर्यंत वास. बाई रागवायच्या. हा पांढरा तो कशाला हुंगेल? काय रे शिऱ्या?"

शिरीष कपात बघत होता.

आमच्या सावंतवाडीला चाफा म्हणजे हाच. देवळापुढचा, पांढरा, मधे पिवळा. बाकीच्या चाफ्यांना आडनाव लागतं, सोनचाफा, कवठी चाफा, हिरवा चाफा. नुसता चाफा म्हटलं की हा. पुण्यात शिरीषच्या घरी नुसता चाफा म्हणजे सोनचाफा, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. लॅबमध्ये एखाद्या नमुन्यावर अर्धवट नाव असेल तर मी तो पाठवणाऱ्याकडे परत पाठवते. इथे मी फलाटावर ऐकलेला एक शब्द घेऊन कोलोनला गेले होते.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"आल्झो..." तो म्हणाला. अडचणीत सापडला की तो जर्मनमध्ये सुरुवात करतो.

"मराठीत."

"तू दारात उभी होतीस. टोपीवर बर्फ. ते कागदात गुंडाळलेलं छातीशी धरलेलं. इतकी खूश होतीस. मी कसं म्हणणार, अगं, हा नाही?"

"त्या दिवशी नसतं म्हटलंस तरी चाललं असतं. पण सहा वर्षं?"

"दुसऱ्या दिवशी सांगायला हवं होतं. मग आठवडा गेला. मग मुळं फुटली, तू फोटो पाठवलेस. नंतर सांगणं आणखीच विचित्र झालं असतं ना."

दोन उन्हाळ्यांपूर्वी, ऑगस्टमध्ये, बाल्कनीत पहिला घोस आला होता. मी त्याला हात धरून बाहेर नेलं होतं. त्याने वाकून वास घेतला होता आणि म्हणाला होता, "छान आहे." मी त्याचं म्हणणं वहीत तारखेसह लिहून ठेवलं होतं.

"एवढे दिवे, एवढ्या कुंड्या," मी म्हणाले, "आणि मी सगळ्यांना सांगत होते की हे तुझ्यासाठी."

"मला वाटलं, नंतर तुझ्यासाठीच झालं ते."

ते खरं होतं, आणि म्हणूनच मला आणखी राग आला. मी उठले, चाकू धुतला, परत आले, तिसरा काप घ्यायला फांदी हातात घेतली आणि तशीच धरून उभी राहिले.

"म्हणजे हिने विचारलं नाही," फोनमधून आई म्हणाल्या, "आणि तू सांगितलं नाहीस. बरं चाललंय. एक तिकडे, एक इकडे, संसार टपालाने करता का रे?"

"आई, मी नंतर फोन करतो."

"थांब. मग ते पुण्याचं तरी नीट विचारलंयस का हिला? का तेही असंच?"

"विचारलंय. ती तयार आहे."

"काय म्हणाली? शब्द सांग."

शिरीषने माझ्याकडे पाहिलं. "बघू म्हणाली."

"बघू!" आई म्हणाल्या. "अरे, मी तुझ्या बाबांना तीस वर्षं बघू म्हणत होते. स्कूटर घेऊ म्हणायचे, बघू. काशीला जाऊ म्हणायचे, बघू. आली का स्कूटर घरी?"

शिरीष हसायला गेला आणि थांबला.

मला आई आवडतात. हे सांगायला हवं, कारण नाहीतर सगळं सोपं होईल. पुण्यात लग्नानंतर चार वर्षं मी घरी होते. एम.एस्सी. झालेली, हातातली नोकरी सुटलेली, कारण सासरे आजारी होते आणि कुणीतरी घरी असणं सोयीचं होतं. नोकरी सोड असं मला कुणीही म्हणालं नव्हतं, म्हणून कुणाला दोषही देता येत नाही. माझं मीच हळूहळू थांबले. इथे आल्यावर चौतिसाव्या वर्षी मी पिपेट धरायला परत शिकले, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान मुलांच्या हाताखाली. आता लॅबमधून बाहेर जाणाऱ्या बॅचच्या कागदावर माझी सही असते. सकाळी सायकलवरून जाताना रस्त्यात मला कुणीही ओळखत नाही आणि त्याचं मला ओझं वाटत नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायला लागले की ते कृतघ्नपणासारखं ऐकू यायचं, म्हणून मी हिवाळ्याचं नाव पुढे करत होते.

आणि शिरीषला जायचंच आहे. तो इथे आठ वर्षं बॅग भरून बसलेल्या माणसासारखा राहिलाय. दर रविवारी संध्याकाळी फलाटावर तो लहान मुलासारखा गप्प होतो. त्याच्या आई एकट्या आहेत, शहात्तर वर्षांच्या. त्याची बाजू मला त्याच्यापेक्षा नीट मांडता आली असती.

"विचार आत्ता," आई म्हणाल्या. "मी आहे इथे."

"आई, असं फोनवर..."

"का? मला कळलं तर काय होईल? मी काय लहान आहे? तुम्ही याल, तुमचं सामान ठेवायला जागा हवी, म्हणून मी शेजारच्या ऊर्मिलाला गच्ची रिकामी करायला सांगितलीये. ती बिचारी तिचे झाडांचे डबे हलवतेय. खरं काय ते मला कळायला नको?"

शिरीषने कप खाली ठेवला. आतल्या खोलीचं दार उघडंच होतं. ईप्सिताच्या पुस्तकाचं पान उलटल्याचा आवाज बराच वेळ आला नव्हता.

"मीनल, सोमवारी हो लिहू ना?"

"शेवटचा 'ना' काढ," फोनमधून आवाज आला. "तो लावलास की समोरचा हो म्हणतो. साधं विचार."

शिरीषने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला. मग माझ्याकडे सरळ बघून, ऑफिसात एखाद्या नवीन माणसाला विचारावं तसं विचारलं.

"सोमवारी काय लिहू?"

फोनमध्ये, आईंच्या खिडकीखाली कुणीतरी गाडी सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. मला वाटलं, बघू म्हणावं. तो शब्द जिभेवर आलाही होता, सवयीने.

"मला पुण्याला परत जायचं नाही," मी म्हणाले. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "ईप्सितासाठी नाही, नोकरीसाठीही नाही. मलाच नाही जायचं. तू हो लिहिलंस तरी मी येणार नाही."